ताम्हणाचा सातबारा

महाराष्ट्राच्या राज्यफुलाच्या शास्त्रीय नावात एका स्वीडिश व्यापारी कंपनीच्या संचालकाचं आडनाव आहे. ताम्हण म्हणजे लागरस्ट्रोमिया स्पेसिओसा. त्यातलं ‘स्पेसिओसा’ म्हणजे देखणी, दिमाखदार. त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. अडतं ते पहिल्या शब्दापाशी. त्याचा अर्थ विचारावा आणि ‘हे एका माणसाचं नाव’ एवढंच उत्तर मिळावं, की विचारणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळतो. जांभळ्या रंगाबद्दल, ऐन उन्हाळ्यातल्या बहराबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्याची अपेक्षा असते, आणि हाती येतो कोण कुठला माग्नुस लागरस्ट्रोम.

पुढच्या पानांत आपल्या आसपासच्या झाडाझुडपांच्या अशाच पहिल्या शब्दांची हकीकत आहे. ती वाचताना कंटाळा येऊ नये म्हणून ती कशी वाचावी हे आधी सांगायला हवं, आणि त्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबणार आहे.

आधी परिभाषेचा घोळ मिटवू. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जीनसचा. दुसरा जातीचा, म्हणजे स्पीशीजचा. मराठी विश्वकोशाने हीच वाटणी धरली आहे. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. आपली वर्तमानपत्रं हिंदी बातम्यांवरून मजकूर करतात आणि ‘दुर्मिळ प्रजातीचं फूल सापडलं’ असं छापतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा जाती म्हणायचं असतं. या पुस्तकात विश्वकोशाचीच वाटणी पाळली आहे. अनेक प्रजाती मिळून कुळ होतं.

प्रजातीचं नाव झाडाचं वर्णन करतं ही समजूत आपण शाळेतून घेऊन येतो, आणि पुष्कळ नावं ती खरीही ठरवतात. मँजिफेरा म्हणजे आंबे धरणारी. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांची टर्मिनालिया ही प्रजाती पानं फांदीच्या टोकाशी गोळा होतात म्हणून तशी. कारवीची स्ट्रोबिलँथस शंकूसारख्या फुलोऱ्यावरून आली. ही नावं एका ओळीत उलगडतात आणि तिथेच संपतात. माणसांवरून पडलेल्या नावांचं तसं नाही. ती वर्णन म्हणून वाचली तर मुकी राहतात. सातबारा म्हणून वाचली तर बोलू लागतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जमिनीचा वास येत नाही. जमीन कोणाच्या नावे आहे, कोणत्या फेरफाराने झाली आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कोण बसलं आहे, एवढं मात्र त्यावरून नेमकं कळतं. ताम्हणाचा उतारा काढून पाहण्यासारखा आहे.

पण त्याआधी झाडाखाली उभं राहू. ताम्हणाचा फुलोरा फांदीच्या टोकाला उभा येतो आणि खालून वर उमलत जातो. कळीच्या अंगावर उभे कंगोरे आणि बारीक लव असते. फूल उघडलं की सहा पाकळ्या. त्यांतली एखादी ओढून पाहिली तर कळतं की ती तळाशी एका बारीक देठावर उभी आहे, आणि वरचा सगळा पसारा रुमाल मुठीत धरून सोडावा तसा सुरकुतलेला आहे. मधोमध पिवळ्या परागकोशांचे असंख्य केसर. फूल गळलं तरी निदलाची चांदणी बोंडाच्या बुडाशी घट्ट राहते. बोंड लाकडासारखं टणक होतं, सहा फाकांनी तडकतं, आणि पंख असलेलं बी वाऱ्यावर जातं. रिकामी काळी बोंडं पुढच्या बहरापर्यंत झाडावर लटकून राहतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात एकाच फांदीवर जुनं वर्ष आणि नवं वर्ष शेजारी दिसतं. यातली एकही गोष्ट ‘लागरस्ट्रोमिया’ या नावात नाही. ज्याने ते नाव ठेवलं, त्याच्या समोर तेव्हा ताम्हण नव्हताच.

नाव ठेवणारा कार्ल लिनियस. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात तो प्राध्यापक होता. तरुणपणी लॅपलंड आणि हॉलंड पाहून झाल्यावर तो फारसा देशाबाहेर पडला नाही, आणि तरी सगळ्या जगाच्या वनस्पतींची यादी करायचा त्याने ध्यास घेतला होता. हे काम घरबसल्या होणारं नव्हतं. दुसऱ्यांनी झाडं, बिया, वाळवलेले नमुने आणून द्यायला हवे होते, आणि लांबच्या समुद्रावर स्वीडनची जी जहाजं जात ती एकाच कंपनीची होती. १७३१ साली स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी गॉथेनबर्ग बंदरात होती. १८१३ पर्यंत तिने एकूण १३२ सफरी केल्या. बहुतेक सगळ्या चीनमधल्या कँटनला, मुख्यतः चहासाठी. भारताच्या किनाऱ्याला फार थोड्या. आपल्याला माहीत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीपुढे ही अगदीच लहान, आणि मुलूख जिंकायच्या भानगडीत न पडलेली. लागरस्ट्रोम या कंपनीचा संचालक.

लिनियसशी त्याची मैत्री होती आणि निसर्गातल्या चमत्कारिक वस्तूंचा त्याला नाद होता. जहाजांबरोबर आलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने तो उप्सालाला पाठवी. त्याने दिलेल्या चिनी नमुन्यांवर, मुख्यतः प्राण्यांवर, १७५४ साली लिनियसच्या देखरेखीखाली एक प्रबंधच सादर झाला, आणि प्रबंधाच्या नावात लागरस्ट्रोमचं नाव होतं. कंपनीच्या जहाजांवर लिनियसच्या शिष्यांना जागा मिळे ती बहुधा जहाजावरचे पाद्री म्हणून. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस झाडं आणि मासे. पेहर ओसबेक असाच पाद्री होऊन १७५० साली चीनला गेला. ओसबेकिया त्याच्यावरून आली. त्याच साली निघालेल्या दुसऱ्या जहाजावर उलोफ टोरेन हा पाद्री होता, आणि ते जहाज वाटेत सुरतेला बराच काळ थांबलं. टोरेनने लिनियसला लिहिलेली पत्रं ओसबेकच्या प्रवासवृत्ताबरोबर १७५७ साली छापली गेली. ती छापलेली पाहायला तो नव्हता. परतल्यावर थोड्याच काळात गेला. सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या जागी उगवणारी टोरेनिया ही त्याची खूण.

१७५९ साली लिनियसने आपल्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत एका नव्या प्रजातीला लागरस्ट्रोमचं नाव दिलं. लागरस्ट्रोम त्याच वर्षी वारला. नाव दिलेलं झाड म्हणजे चीनमध्ये बागांतून लावत ते सुरकुतल्या पाकळ्यांचं झुडूप. त्याचं जातीचं नाव ‘इंडिका’. आता आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी ते सर्रास दिसतं. चीनच्या झुडपाला इंडिका कसं म्हटलं याचं नवल वाटायला नको. त्या काळी युरोपात ‘इंडिया’ म्हणताना मलबारपासून मोलुक्का बेटांपर्यंतचा आणि त्यापलीकडचाही सगळा मुलूख ध्यानात धरलेला असे. ‘इंडिका’ हे पूर्वेकडच्या मालावरचं सरसकट लेबल होतं, आणि ते पाहून छाती फुगवून घेणाऱ्यांनी जरा जपून असावं.

माणसांची नावं झाडांना देण्याबाबत लिनियसचे नियम होते. ते त्याने १७३७ च्या ‘क्रितिका बोतानिका’त मांडले: हा मान वनस्पतिशास्त्रासाठी ज्यांनी काही केलं त्यांनाच द्यावा, संत-महंतांना किंवा इतर क्षेत्रांतल्या बड्या लोकांना नाही. जमल्यास झाडाचा आणि माणसाचा काही संबंध जुळवावा. यात त्याला गंमत वाटे. दसऱ्याला सोनं म्हणून आपण वाटतो ती आपट्याची पानं, आणि कांचनाचीही, बौहिनिया प्रजातीची. दोन पाळ्यांचं एक पान, कारण बाझेलचे योहान आणि कास्पर बौहिन हे दोघे भाऊ दोन्ही मोठे वनस्पतिज्ञ. आपल्या बांधावरचा केना कोमेलिना प्रजातीचा: दोन ठसठशीत निळ्या पाकळ्या आणि तिसरी नजरेत न भरणारी, कारण कोमेलिन घराण्यातल्या दोघांनी नाव कमावलं आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. योहान सीगेसबेकने लिनियसच्या पद्धतीवर अश्लीलतेचा आरोप केला, त्याच्या नावावर त्याने एक चिकट तण चढवून दिलं. लागरस्ट्रोमियात असला श्लेष नाही. ती सरळ देण्याघेण्यातली नोंद आहे: या गृहस्थाने मला माल आणून दिला. मला हा कोरडेपणा बौहिनियाच्या चमत्कृतीहून प्रामाणिक वाटतो.

एक योगायोग सांगून पुढे जातो. ‘लागर’ म्हणजे स्वीडिशमध्ये लॉरेलचं झाड, ‘स्ट्रोम’ म्हणजे प्रवाह. अशी निसर्गातली दोन नावं जोडून आडनाव करायची त्या देशात रीतच होती. लिनियसच्या वडिलांनीही आडनाव घ्यायची वेळ आली तेव्हा घराच्या जमिनीतल्या मोठ्या लिंड वृक्षावरून ते घेतलं. तेव्हा झाडाच्या आडनावाच्या एका माणसाने झाडाच्या आडनावाच्या दुसऱ्या माणसाचं नाव तिसऱ्याच झाडाला दिलं.

आता ताम्हण. त्याची नोंद छापील ग्रंथात लिनियसच्याही आधीची आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला, आणि त्यातल्या लॅटिन टिपांचं बरंच काम वर आलेल्या कोमेलिनांपैकी यानने केलं. चौथ्या खंडात, १६८३ साली, ताम्हणाची भली मोठी चित्रं आहेत. तिथे त्याचं नाव मल्याळीवरून घेतलेलं, ‘अदांबोए’.

या ग्रंथाची चित्रं मराठी वाचकाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावीत. पानभर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली फांदी, आणि कोपऱ्यात झाडाची नावं: रोमन लिपीत, मल्याळी लिपीत, अरबीत, आणि नागरीत. नागरीतलं नाव कोंकणी. कारण ऱ्हीडेला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलबारच्या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातून खाली कोचीकडे गेलेल्या समाजातले. या तिघांनी मिळून दिलेलं १६७५ सालचं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरीत जसंच्या तसं छापलं आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या छापखान्यात, शिवाजी महाराजांच्या हयातीत, नागरी अक्षरं तांब्यावर कोरली जात होती हे लक्षात घेतलं की पुढे जे झालं त्याची चुटपुट जास्त लागते.

पुढे झालं ते असं. वनस्पतींच्या नावांचा जागतिक कायदा १ मे १७५३ पासून सुरू होतो. त्या दिवशी लिनियसचा ‘स्पेसिएस प्लांतारुम’ प्रसिद्ध झाला असं कायद्याने मानलं आहे. त्याआधीचं कोणतंही नाव, कितीही चांगलं असलं, हिशेबात धरत नाहीत. म्हणजे १६८३ चा अदांबोए बाद. त्यातून लिनियसचा आणखी एक नियम होता: ग्रीक किंवा लॅटिन मूळ नसलेली प्रजातीची नावं टाकून द्यावीत. तो स्वतः हा नियम सोयीने पाळी. केळीची ‘मूसा’ ही प्रजाती अरबी ‘मौझ’वरून सरळ आलेली दिसते, त्याने तिला सम्राट ऑगस्टसच्या मूसा नावाच्या वैद्याचा आधार देऊन पावन करून घेतलं. अदांबोएला असा रोमन वैद्य मिळाला नाही.

१७७० साली लिनियसने ताम्हणाला स्वतःहून नाव दिलं ते मुनखाउसिया स्पेसिओसा. ओटो फोन मुनखाउसेन हा जर्मन उमराव शेतीवर आणि घरगुती कारभारावर मोठा ग्रंथ लिहीत होता. नाव त्याच्याच ग्रंथात छापलं गेलं आणि त्यालाच अर्पण झालं. थापा मारण्यासाठी जगप्रसिद्ध झालेला बॅरन मुनखाउसेन याच घराण्यातला. त्याच्या थापांचं पुस्तक १७८५ साली निघालं. हे नाव टिकलं असतं, तर महाराष्ट्राच्या राज्यफुलाचं नाव घेताना जाणकारांना दर वेळी हसू दाबावं लागलं असतं.

१७८३ साली फ्रान्समध्ये लामार्कने ऱ्हीडेचं नाव परत आणलं: अदांबेआ. उत्क्रांतीवरच्या विचारांमुळे पुढे गाजला तोच हा लामार्क. त्याला लिनियसच्या नियमांचं ओझं वाटत नसे, आणि मल्याळी नावाला लॅटिन शेपूट लावून वापरायला त्याची हरकत नव्हती. पुढे स्वीडनच्या रेट्झियसने याच झाडाला ‘राणीचं फूल’ अशा अर्थाचं ‘फ्लोस-रेगिने’ हे जातीचं नाव दिलं. ते दीर्घकाळ चाललं. इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतिग्रंथांत ताम्हण याच नावाखाली शोधावा लागतो. शेवटी १८०६ साली पर्सूनने हिशेब चुकता केला. मुनखाउसिया आणि लागरस्ट्रोमिया या दोन वेगळ्या प्रजाती नाहीतच, दोन्ही झाडांची फुलं-फळं एकाच घडणीची आहेत, तेव्हा आधीचं, १७५९ चं नाव प्रजातीला राहील. आणि जातीला १७७० चं सर्वांत जुनं नाव, स्पेसिओसा. पर्सून हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, बुरशी आणि भूछत्रांचा जाणकार. पुढे पॅरिसमध्ये माळ्यावरच्या खोलीत दारिद्र्यात दिवस काढले त्याने.

हा सगळा फेरफार आजही नावाच्या शेपटाला चिकटलेला आहे. नीट लिहिलेल्या यादीत ताम्हणाच्या नावापुढे ‘(एल.) पर्स.’ असं असतं. बहुतेक वाचक ते ओलांडून जातात. कंसातला ‘एल.’ म्हणजे लिनियस: जातीचं नाव मुळात त्याचं, पण दुसऱ्या प्रजातीत दिलेलं. कंसाबाहेरचा ‘पर्स.’ म्हणजे ते उचलून आजच्या जागी आणणारा पर्सून. कोणत्याही नावापुढे कंस दिसला की समजावं, या खात्यावर एकदा तरी फेरफार झाला आहे. अदांबेआचा त्यात मागमूस नाही. ते आता पर्यायी नावांच्या यादीत बारीक टाइपात सापडतं.

ताम्हणाच्या कुळातली बाकीची मंडळी पाहिली की हा हिशेबी स्वभाव आणखी ठळक होतो. कुळाचं नाव लिथ्रेसी, मराठीत मेंदी कुल. लिथ्रम या प्रजातीवरून ते आलं, आणि लिथ्रमच्या मुळाशी रक्तासाठीचा ग्रीक शब्द आहे, फुलांच्या रंगामुळे. धायटी याच कुळातली. अरिष्टं-आसवं करणारे वैद्य आंबवण्यासाठी तिची फुलं घालतात. तिची प्रजाती वुडफोर्डिया, एका इंग्रज वुडफर्डवरून. शिंगाडाही आता इथेच: ट्रापा, घोड्यांच्या पायात रुतावे म्हणून रणांगणावर टाकत त्या लोखंडी काट्यांच्या लॅटिन नावावरून. डाळिंबाची प्युनिका म्हणजे कार्थेजची. रोमन लोक डाळिंबाला कार्थेजचं सफरचंद म्हणत. खुद्द मेंदी मात्र लॉसोनिया. आयझॅक लॉसन हा स्कॉटिश डॉक्टर. तरुण लिनियस हॉलंडमध्ये १७३५ साली आपल्या ‘सिस्टेमा नातुरे’ची पहिली आवृत्ती घेऊन आला तेव्हा ती छापायला त्याच्याकडे पैसे नव्हते. ग्रोनोवियस आणि लॉसन या दोघांनी खर्च उचलला. मोठमोठ्या आकाराची मोजकी पानं होती ती. छपाईच्या त्या बिलापोटी आपल्या नवरीच्या हातावरचा रंग लॉसनच्या नावे लागला.

आणि खाडीकाठची चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष ठरवलं, त्यामुळे राज्यफूल आणि राज्य कांदळवृक्ष एकाच कुळातले झाले; हे ठरवणाऱ्यांच्या मनात होतं की नाही देव जाणे. चिप्पीची प्रजाती सोनेराटिया, फ्रेंच प्रवासी प्येर सोनेराच्या नावाची. हा कुळातल्या इतर नामधारकांहून वेगळा, कारण तो खरोखर इकडे आला, पाँडिचेरीत राहिला, आणि १७८२ साली त्याने भारत-चीनच्या प्रवासाचं सचित्र पुस्तक काढलं. सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या शास्त्रीय नावातही तोच आहे. सोनेरा फार विश्वासू साक्षीदार नव्हता. न्यू गिनीला गेल्याचं त्याने लिहिलं, पण तिथवर तो पोचला नव्हता असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

आता इतर हक्कांचा रकाना. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांच्या हातची नागरी अक्षरं ज्या ग्रंथात आहेत, त्याच ग्रंथावर लिनियस मलबारच्या झाडांसाठी विसंबला. तिकडची कितीतरी झाडं त्याने ऱ्हीडेच्या चित्रांवरूनच ओळखली. मोबदल्यात प्रजातीचं नाव मिळालं ते ऱ्हीडेला: ऱ्हीडिया. तेही आज उरलेलं नाही. ऱ्हीडियाची अमेरिकेतली झाडं कोकमाच्या प्रजातीत, गार्सिनियात, विलीन झाली. (गार्सिनियाचा गोव्याच्या गार्सिया द ओर्ताशी संबंध नाही, असं इथेच सांगून टाकतो, ती लोराँ गार्सँ या डच कंपनीच्या नोकरीतल्या वैद्याची.) इट्टी अच्युतनच्या नावाने एकोणिसाव्या शतकात ब्लूमने अचुडेमिया ही आग्या वनस्पतींच्या कुळातली एक प्रजाती केली.

आपल्याकडच्या माणसांची नावं मग हळूहळू लागली, बहुधा जातीच्या जागी. आंबा घाटाच्या बाजूची दुर्मिळ सोनघंटा अबुटिलॉन रानडेई आहे, ती गोळा करणाऱ्या रानड्यांवरून. १८९४ साली वुड्रो आणि श्टाफ यांनी केलेलं नाव. प्रजातीच्या जागी पोचलेले म्हणजे मुंबई इलाख्यातल्या गवतांचा अभ्यास करणारे आर. के. भिडे, भिडिया ही गवतांची प्रजाती त्यांची. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांना मात्र रांगेत थांबावं लागलं नाही. जुन्नरकडच्या कड्यांवरल्या शिंदळ माकुडीची त्यांच्या हयातीतच, ते मुंबईत गव्हर्नर असताना, फ्रेरिया झाली. करणारे डॅलझेल जंगलखात्याचे अधिकारी होते.

ही नावं बदलावीत का, हा वाद आता जोरात आहे. २०२४ साली माद्रिदला झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आफ्रिकी लोकांना अपमानास्पद असलेला एक शब्द जातींच्या दोनशेहून अधिक नावांतून बदलायचा ठराव मंजूर झाला. तो ठराव मला योग्य वाटतो. शिवी ती शिवीच. पण लागरस्ट्रोमसारख्यांच्या बाबतीत मी बदलाच्या बाजूचा नाही. कोरं नाव आणून ठेवलं तर कोणी कोणाला काय दिलं आणि कोणाचं राहून गेलं, हे शोधायचा धागाच तुटेल. अदांबोए बाद झालं हे आपल्याला कळतं ते लागरस्ट्रोमिया अजून जागेवर आहे म्हणून. नव्याने सापडणाऱ्या झाडांबाबत मात्र ज्याने रान दाखवलं त्याचं नाव आधी विचारात घ्यावं, असं मला वाटतं. सह्याद्रीच्या पठारांवर अजून नव्या जाती सापडत आहेत, म्हणजे संधी भरपूर आहे.

शेवटी पुस्तक वापरण्यापुरत्या दोन-तीन सूचना. प्रजातींची नावं देवनागरीत लिहिताना ज्या माणसावरून नाव आलं त्याच्या भाषेतल्या उच्चाराच्या जवळ राहायचा प्रयत्न केला आहे. लागरस्ट्रोमच्या स्वीडिश आडनावात ‘ओ’वर दोन टिंबं आहेत; लॅटिनमध्ये टिंबं चालत नाहीत म्हणून तिथे ओ आणि ई अशी दोन अक्षरं आली, आणि म्हणून रोमन लिपीतलं नाव वाचताना लोक गडबडतात. रोपवाटिकेत तुम्हाला ‘लॅजरस्ट्रोमिया’ ऐकू येईल. तिथे तसंच म्हणावं, नाहीतर रोप मिळायचं नाही. मराठी नावांत ‘बोंडारा’ हे सर्वांत फसवं. या प्रजातीत जगभर सुमारे ५० जाती आहेत, आणि आपल्या जंगलांतल्या जातींना गावागणिक हे एकच नाव मिळतं: कुठे ताम्हणाला, कुठे पांढऱ्या गुळगुळीत खोडाच्या नाण्याला, कुठे विदर्भात लेंडिया म्हणतात त्या लहान फुलांच्या झाडाला. म्हणून पुढे ‘बोंडारा’ आला की कंसात कोणता ते बहुतेक ठिकाणी दिलं आहे, आणि जिथे दिलेलं नाही तिथे ताम्हण समजावा.